सातवीचा वर्ग आणि भुलाबाईचा डबा

माझी सून रोशनी मास्तरीण आहे. मास्तरीण म्हटलं का तिले झोंबते. "आई, मिस म्हणा ना," म्हणते. आता मिस म्हटल्यानं फळा जास्त काळा होते का, तुमीच सांगा. पण म्हणते मी मिस. घरात माझ्याशी दोन शब्द बोलणारी तीच एक आहे, पोरगा राजकुमार तं भिलाईच्या स्टील प्लांटमधून येते, जेवते आन घोरते.

तिची शाळा कोहक्यात आहे. इंटरनॅशनल! दुमजली घर आहे कोणाचं तरी, खाली नर्सरी, वर मिडल, म्हणजे सहावी-सातवी-आठवी. गेटावर पृथ्वीचा भल्ला मोठा निळा गोळा रंगवला आहे, म्हणून आमच्या खुर्सीपारात सगळे तिले गोळेवाली शाळाच म्हणतेत. मी एकदा इचारलं, बाई, इंटरनॅशनल कावून म्हणतेत, विदेशी पोट्टं तं एक दिसत नाई. तं बोटावर मोजून सांगे, तेलुगू आहेत, ओडिया आहेत, मल्याळी, बंगाली, सरदार, बिहारी, छत्तीसगढी. म्हटलं असं असन तं आपली गल्लीबी इंटरनॅशनलच आहे, लाव उद्या बोर्ड! हसून हसून तिच्या हातची पोळी तव्यावर जळाली.

रोशनी उतई गावची. लग्न जुळलं तवा तिच्या बापानं, तेजरामभाऊनं, एक गोष्ट साफ सांगतली होती. "पोरगी कामाची आहे, पण प्रश्न लय इचारते." आमाले वाटलं, बोलाची पद्धत असन. अवो कशाची पद्धत! आल्या आल्या दुसऱ्या दिवशी मले म्हणे, "आई, दूध उतू जाते तं पाणी कावून नाई जात?" माझी उभी हयात चुलीपाशी गेली, मले कधी हा प्रश्न पडला नाई. आन पडल्यावर मले रात्रभर झोप नाई! सकाळी मीच तिच्या दारावर थाप मारली, सांग बाई लवकर, नाईतर मी दूध तापवत नाई. बीएस्सी केली आहे तिनं दुर्गच्या कॉलेजातून, बीएड केलं आहे. हळदीच्या डागाले साबण लावून लाल करून दाखवते, आन आमचे हे, शामराव, रेल्वेत गॅंगमन म्हणून रिटायर झालेला माणूस, लहान लेकरासारखे टाळ्या वाजवतेत.

एवढी शिकलेली पोरगी, पण गोळेवाल्या शाळेनं तिले खाली नर्सरीत बसवलं. कितीक वर्षं झाली. नाकं पुसा, डबे उघडून द्या, बुटाच्या लेस बांधा. आन त्या नर्सरीनं तिची जीभच तशी होऊन गेली. घरी आली का आमच्याशीबी तसंच बोले. शामरावनं बीपीची गोळी घेतली का "व्हेरी गुड!" म्हणून गालावर चमकीचा स्टार चिपकवे. एक दिवस हे तसेच बाजारात गेले, स्टार लावून. भाजीवालीनं इचारलं, "बाबूजी, कुछ जीते क्या?" तं हे म्हणे, "हो, गोळी खाल्ली." मी तं लाजेनं अर्धी झाली.

पण रोशनीचा जीव वरच्या मजल्यावर होता. सातवीत. एक दिवस जेवता जेवता म्हणे, "आई, खाली मी लेकरायले उत्तरं पाठ करवून घेते. वर गेली असती तं प्रश्न शिकवले असते." मले काई ते नीट समजलं नाई, पण तिचा घास हातातच राह्यला होता, ते दिसलं.

मंग झालं काय, वरच्या सायन्सच्या मिसचं लग्न झालं आन ती पुण्याले गेली. जागा रिकामी झाली. रोशनी धावतच गेली शाळेच्या डायरेक्टर प्राची मॅडमपाशी. मॅडम म्हणजे बाई कडक. भिलाईच्याच सेक्टरात, प्लांटच्या कॉलनीत वाढली, पण आता इंग्रजीशिवाय शिंकतबी नाई. तिनं रोशनीले तोंडावर सांगतलं, "तू छान आहेस, पण तू लहान लेकरांची आहेस. शुक्रवारी सातवीवर डेमो दे. शनिवारी अरुणकुमार सर देतील. तुझा जमला नाई तं खाली राहा, आन परत इचारू नको." हे अरुणकुमार सर कोचिंगवाले. त्यायचं इंग्रजी म्हणजे हावडा मेल, मधात कुठं थांबतच नाई.

तं सगळा फैसला एका तासावर आला. जमलं तं वर, नाई जमलं तं जन्मभर लेस बांधत बसा.

आन सातवी कशी, तेबी ऐका. त्या शाळेचा नियम, वर्गात इंग्रजीच बोलाचं. हिंदीत एक शब्द काढला का नाव फळ्यावर. पोट्ट्यायनं त्यावर सोपा उपाय काढला, बोलाचंच नाई! "येस मॅम", "नो मॅम", खतम. बाहेर गेटावर तेच पोट्टे कावळ्यावानी कालवा करतेत, आन वर्गात गेले का देवळातल्या मूर्त्या. आन डेमोचा विषय काय भेटला? निरीक्षण आन अंदाज. म्हणजे पाहून, ऐकून, इचारून, आत काय आहे ते ओळखाचं. मुक्यायच्या वर्गात इचाराचं! घ्या आता.

रोशनीनं घरी तयारी केली. शामरावले सातवीचा वर्ग बनवून खाटेवर बसवलं. इंग्रजीत एक प्रश्न इचारला, दुसरा इचारला, तिसऱ्याले वर्ग घोरून राहिला. "पाहा आई," म्हणे, "शुक्रवारी असंच होईन." आन तिच्या डोळ्यात पाणी आलं. मले इतका राग आला, त्या शाळेचा, त्या सातवीचा, आन सगळ्यात जास्त खाटेवरच्या बुढ्याचा. मी त्यायची उशीच ओढली.

दिवस भुलाबाईचे होते. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आमच्या गल्लीत भुलाबाईची मूर्ती बसते, रोज संध्याकाळी तिच्यापुढं गाणे होतेत. मराठी घरं मोजकीच, पण पोरी सगळ्या येतेत. तेलुगू पोरी येतेत, छत्तीसगढी येतेत, गाणे काई समजत नाई, टिपऱ्या मात्र दणक्यात वाजवतेत. कावून? तं शेवटच्या खाऊसाठी. डबा बंद, आत खाऊ. वाजवा, हुंगा, इचारा, आन ओळखा. गोड का तिखट? तळलेला का भाजलेला? नाई ओळखला तं "हरलो" म्हणाचं, तवा डबा उघडते. आन मी सांगून ठेवते, माझा खाऊ आजपावतर कोणी ओळखला नाई. एकदा शिरा असा थापला होता डब्याले, का वाजेचना. एकदा एकच एक शेंगदाणा टाकला. पोरी रडल्या, पण हरल्या.

त्या दिवशी संध्याकाळी पोरींचा असाच कालवा सुरू होता. "आजी गोड आहे का? आजी काला है क्या?" रोशनी दारात उभी राहून पाहून राहिली होती. आन एकदम ओरडली, "आई! हेच! हेच तं आहे!" मले वाटलं विंचू चावला. माझे दोन्ही खांदे धरून म्हणे, "शुक्रवारी मले एक डबा द्या. साधा. मुरमुऱ्याचे लाडू टाका. हलवलं का गडगडतेत, हलके असतेत, पोट्टे पटकन ओळखतीन. सोपं ठेवा बरं आई. मी सगळं लिहून ठेवते, कोणत्या प्रश्नाचं उत्तर काय." मी म्हटलं, हो.

म्हटलं खरं. पण मुरमुऱ्याचे लाडू! अवो, ते तं आंधळाबी ओळखन. शाळेभर काय नाव होईन, का सिंधुताईचा खाऊ सातवीनं एका झटक्यात ओळखला? मले झोप येईना. राजकुमारनं तवाच नवीन फ्रिज आणला होता, वरचा खण असा थंडा का हात लावला तं चिपकते. माझ्या डोक्यात आलं. दूध आटवलं, साखर टाकली, विलायची टाकली, चारोळी टाकली, स्टीलच्या डब्यात भरलं, झाकण घट्ट लावलं आन दिलं वरच्या खणात. शुक्रवारी पाह्यलं तं गोटा! वरतून जुन्या गोधडीचा तुकडा गुंडाळला आन चारी बाजूनं शिवून टाकला. हलवून पाह्यलं. काई नाई. एक टीचभर आवाज नाई. माझ्याच खाऊवर मी खुश होऊन एकटी नाचली स्वयंपाकघरात.

रोशनी सकाळीच गेली होती. मीच म्हटलं होतं, लाडू बसमध्ये फुटतीन, मी मधल्या सुटीनंतर ताजे घेऊन येते. शामरावच्या स्कूटरवर मांडीत डबा धरून मी कोहक्यापर्यंत गेली. मांडी अशी थंडी पडली का उतरल्यावर पाय कोणाचा आहे तेच समजेना. हे गेटावर चौकीदारापाशी गप्पा मारत बसले.

वर गेली तं प्राची मॅडम दारातच. "अँड यू आर?" मी काई बोलाच्या आत रोशनी म्हणे, "मॅडम, रिसोर्स पर्सन." मले वाटलं मले शिवी देऊन राहिली का काय. पण मॅडमनं मान हलवली आन मले मागच्या खुर्चीत बसवलं, आपल्या आन तास पाहाले आलेल्या अरुणकुमार सराच्या मधात. मी पदर सावरून बसली. जन्मात पहिल्यांदा मले कोणी रिसोर्स म्हटलं होतं.

तास सुरू झाला. पोट्टे ताठ. रोशनीनं इंग्रजीत सांगतलं, बंद डबा आहे, आत काय ते ओळखाचं. मंग मी टेबलावर ठेवलेल्या डब्याले तिनं हात घातला. मुरमुऱ्याचा समजून एका हातानं उचलाले गेली, आन डबा उचलेचना! तिनं माझ्याकडे पाह्यलं. मी पंख्याकडे पाह्यलं. दोन हातानं उचलला, हलवला. काईच नाई. पुन्हा हलवला. कागदावर तिनं लिहून आणलं होतं, "गडगडण्याचा आवाज येतो." इथं तं वर्गबी मुका आन डबाबी मुका.

"व्हॉट डू यू हिअर?" ती म्हणे.

"नथिंग मॅम," सगळे एका सुरात. तेबी खरंच होतं म्हणा.

तिचा चेहरा पार उतरला. बाजूले मॅडम काईतरी लिहून राहिली होती. सर मिशीत हसून राहिले होते. मले एकदम समजलं, का हा काई गल्लीतला खेळ नाई, माझ्या सुनेचा वरचा मजला आहे तो. म्हटलं सिंधू, काय करून बसली तू! उठून सांगून टाकावं का? पण उठू कशी, दोन शिकलेल्यायच्या मधात?

रोशनीनं डबा खाली ठेवला. हातातला कागद घडी करून खिडकीत ठेवला. आन फळ्याले पाठ लावून उभी राहिली, हिंदीत म्हणे, "सच बोलूँ? मुझे नहीं पता इसमें क्या है."

शेवटच्या बाकावरच्यायनंबी मान वर केली.

"मिस को नहीं पता?" एक पोट्टा म्हणे. मोनू त्याचं नाव, ठेकेदाराचा पोरगा, पाय सारखे हलत राहतेत त्याचे. म्हटल्यावर त्यानं जीभ चावली, हिंदीत बोलला म्हणून. फळ्याकडे पाह्यलं, आता नाव लागन.

रोशनीनं नाव लिहिलं नाई. म्हणे, "नहीं पता. पता है सिर्फ उनको," आन बोट माझ्याकडे. सगळा वर्ग गर्रकन मागं फिरला. "उनसे पूछो. हाँ या ना में बताएँगी. आज जिस भाषा में आए, उसमें पूछो. डिब्बा हिलाओ, सूँघो, बस खोलना नहीं."

मॅडमचा पेन थांबला. मॅडमनं मान वर केली. मी देवाचं नाव घेतलं.

मंग भूमिका नावाची एक लांब वेणीवाली पोरगी उभी राहिली आन बारक्या आवाजात म्हणे, "दाई, खाए के चीज ए का?" छत्तीसगढीत! आजी, खाण्याची वस्तू आहे का? मी म्हटलं, "हो!" एवढ्या जोरात म्हटलं का अरुणकुमार सर दचकले.

मंग काय सांगू! धरण फुटलं. "मीठा है?" "हो!" "गोल है?" आता डबा गोल, म्हणजे आतलं बी गोलच, पण लाडूसारखं नाई. मी म्हटलं, "हो बी, नाई बी." "ऐसा नहीं चलेगा आजी!" सगळे ओरडले. एक तेलुगू पोरगी काईतरी इचारे, तिची मैत्रीण त्याची हिंदी करे, तिसरा म्हणे हा प्रश्न होऊन गेला, चौथा म्हणे नाई झाला. सरदाराच्या पोरानं डबा उचलून सांगतलं, वीट आहे, मिठाईची वीट. मोनू म्हणे, "वीट कोण खाते बे!" "तेरा भाई खाता है!" मारामारीपर्यंत गोष्ट आली. रोशनी मधात पडली नाई. बाजूले उभी राहून इचारे, "कावून वाटते तुले वीट?" बस, एवढंच इचारे. कावून? कशावरून? दुसरं काय असू शकते?

आन मधातच मोनूनं डबा हलवला, तं, ठक!

"आवाज आया!"

"झूठ! पहले नहीं आया था!"

पुन्हा, ठक ठक. सगळे बाकं सोडून टेबलाभोवती. एक म्हणे, मिसनं डबा बदलला. दुसरा म्हणे, कशी बदलन, मी पाहून राहिलो होतो. रोशनीचे डोळे असे चमकले! तिलेबी खरंच समजत नव्हतं ना, काय होऊन राहिलं ते. "कोणी हात लावला आतल्याले? नाई ना? मंग आत काय बदललं?" तिचा आवाज चढला होता, नर्सरीवाला आवाज नव्हता तो, हा वेगळाच होता, मी कधी ऐकला नव्हता. मी खुर्चीच्या काठावर आली. मॅडमबी काठावर आली होती.

"कुछ टूट गया अंदर." "नाई, सुटलं. चिपकलं होतं, आता सुटलं." "गोंद?" "आजी, गोंद खाते हैं क्या?" मी म्हटलं, "डिंकाचे लाडू खातेत, पण हे नाई." भूमिकानं डबा गालाले लावला. लावला आन "ठंडा!" करून ओरडली. मंग गोधडीले हात, कोणी गाल, कोणी कपाळ, एकानं तं कान लावला. गोधडी ओली. "पानी निकल रहा है!" "बर्फ! बर्फ! बर्फ!"

"नाई!" मी म्हटलं.

"शरबत जमाया है?" हे कोण बोललं माहीत आहे? प्राची मॅडम! हिंदीत! खुर्चीतून अर्धी उठून! मी म्हटलं, "नाई." तिचं तोंड असं पडलं, बिचारीचं.

"आइसक्रीम," अरुणकुमार सर म्हणे, एकदम पक्क्या आवाजात.

"नाई."

"कैसे नहीं? मीठा है, ठंडा है, जमा हुआ है. लॉजिकली आइसक्रीम ही है."

"सर, आजीनं नाई म्हटलं ना!" सगळा वर्ग सरावर तुटून पडला. आता डबा डुबुक डुबुक वाजून राहिला होता. पहिले मुका, मंग ठक, मंग डुबुक. रोशनीनं ते तीन आवाज फळ्यावर लिहिले आन इचारलं, घट्ट होतं ते पातळ कसं झालं, आन कुठून सुरू झालं असन, काठापासून का मधातून? त्यावर अजून एक भांडण. इतकं गोड भांडण मी आयुष्यात पाह्यलं नाई.

आन घंटी वाजली.

मॅडम म्हणे, "ओके, ओपन इट."

"नोऽऽऽ!" भिंती हालल्या. "कल! कल बताएँगे! आज नहीं खोलना!" मोनूनं डबा पोटाशी धरला. घरी नेतो म्हणे, रात्री इचार करतो. भूमिका म्हणे, शाळेतच ठेवा, याच्या घरी कोणी खोलला तं? आन मी पाहून राहिली का हे पोट्टे खरंच डबा उद्यापर्यंत ठेवतेत, चारोळी टाकलेलं, आटवलेलं, माझं दूध! मले राहवलं नाई. उचलली जीभ, लावली टाळ्याले. उभी राहून ओरडली, "अरे, कल तक तो दही बन जाएगा!"

सगळे माझ्याकडे वळले. मंग पुऱ्या सातवीनं एका आवाजात, "दूऽऽऽध!"

हरली मी! अवो, जिले आजपावतर कोणी हरवलं नाई, ती आपल्याच तोंडानं हरली, तेबी इंटरनॅशनल शाळेत! पोट्टे नाचून राहिले होते, बाकावर चढून. मी बी हसून राहिली होती, पोट धरून. हरण्यात इतकी मजा असते हे मले कोणी सांगतलंच नव्हतं.

कैचीनं गोधडी उसवली. अर्धं दूध, अर्धा बर्फ. पेले कुठं? तं पोट्ट्यायनं पाण्याच्या बाटलीची झाकणं पुढं केली. मॅडमनं बी झाकणातच घेतलं. सरायनं दोनदा घेतलं, आन म्हणे, "चारोळीचा मी इचारच केला नाई." मंग आपणच मॅडमले म्हणे, "उद्या मी गणिताचा डेमो देतो. सायन्स राहू द्या." भला माणूस निघाला, मी उगीच हावडा मेल म्हणत होती.

मॅडमनं ओठ पुसले. रोशनीले म्हणे, "मिडल तुझं. सायन्स तू घे." माझा जीव भांड्यात पडला. पण आमची रोशनी! म्हणे, "मॅडम, एक अट आहे. माझ्या तासात प्रश्न कोणत्याबी भाषेत इचारता आला पायजे. नाव फळ्यावर लागलं नाई पायजे. नाईतर मी खालीच बरी."

घे ना बाई मुकाट्यानं! नशीब दारात आलं, तं हे त्याले सांगते चपला कुठं ठेव! मी तिले डोळे मोठे केले. तिनं पाह्यलंबी नाई.

मॅडम कडक झाली पुन्हा. "रोशनी, पालक इंग्रजीसाठी इथं पाठवतेत. नियम तो नियम. तुले वर यायचं आहे का नाई?" रोशनीनं होकाराची मान हलवली नाई. तिचा हात टेबलाच्या काठाले घट्ट धरून होता, बोटं पांढरी झाली होती. मले वाटलं, गेलं. झाकणातल्या दुधासंगं सगळंच गेलं.

तवा मोनू पुढं आला. ओठाले दुधाची मिशी. हात मागं बांधून इंग्रजीत म्हणे, "मॅडम. आय हॅव मेनी क्वेश्चन. इंग्लिश इज लिटिल."

मागून भूमिका म्हणे, "मॅडम, फर्स्ट वी आस्क. देन मिस विल टीच, हाऊ टू आस्क इन इंग्लिश. प्लीज मॅडम." तेलुगू पोरगी म्हणे, "व्हाय नॉट, मॅडम?" मंग सरदाराचा पोरगा, मंग सगळे. व्हाय मॅडम, प्लीज मॅडम, ओन्ली सायन्स मॅडम. तोडकंमोडकं, एकमेकायच्या अंगावर पडत, पण इंग्रजीत! ज्या वर्गानं "येस मॅम"च्या पुढं तोंड उघडलं नव्हतं, तो मॅडमशी इंग्रजीत भांडून राहिला होता. मले शब्द समजत नव्हते, पण ते काय मागून राहिले ते समजून राहिलं होतं. ते माझी सून मागून राहिले होते.

मॅडम मोनूकडेच पाहत राह्यली. बाई हसली नाई, रागावलीबी नाई. हातातलं दुधाचं झाकण टेबलावर ठेवलं. मंग म्हणे, "फाइन. सायन्समध्ये काईबी बोला." आन घड्याळ पाहून, "पुढचा तासबी रिकामाच आहे. सोमवारची वाट कशाले? घे आत्ताच."

सातवीनं जी आरोळी ठोकली, ती गेटावर शामरावनं ऐकली. रोशनी मात्र फळ्याकडे तोंड करून उभी. खांदे हलून राहिले होते. मी काई पाह्यलं नाई, शाळा आहे का मॅडम आहे. सरळ पुढं गेली, तिचं तोंड आपल्याकडे फिरवलं आन पदरानं डोळे पुसले. माझेबी वाहून राहिले होते. सगळा वर्ग पाहत होता.

तिनं नाक ओढलं. माझा हात हातात घेतला, दाबला. मंग हळूच, पण अशा आवाजात का शेवटच्या बाकापर्यंत जावं, म्हणे, "आई, तुमी आता बाहेर जा. माझा वर्ग आहे."

मी बाहेर आली. दार तिनं आतून लोटून घेतलं. खाली शामराव स्कूटरले टेकून उभे होते, घाबरलेले. "काय झालं? कावून आली तू?"

"हाकललं मले," मी म्हटलं, आन तिथंच पायरीवर बसून पोटभर रडली.